तीन अंगणं आणि एक प्लास्टिकची खुर्ची

शुक्रवार, ११ एप्रिल. शेलू.

हजर: मी, सोसायटीची सेक्रेटरी. शैला, ए विंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर पाळणाघर चालवते, दोन दिवस ते बंद ठेवून आलेली. भोईरभाऊ, सोसायटीचे अध्यक्ष. गाडी त्यांची, म्हणून ड्रायव्हरही तेच. कमिटीचे बाकीचे सभासद गैरहजर, प्रत्येकाचं कारण वेगळं. सामान: पाण्याचे कॅन, टोप्या, माझ्या दशम्या आणि सोसायटीच्या ऑफिसातली एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची.

खुर्चीबद्दल फाटकावर वॉचमनने विचारलं, पुढे वाटेतही ज्याने त्याने विचारलं. तेव्हा आधी तेच सांगून टाकते.

आमच्या तीन इमारतींच्या मधे मातीचा चौक आहे. कडेने करंजाची झाडं आहेत. तरीही उन्हाळ्यात दुपारी त्या चौकात उभं राहवत नाही. तिन्ही बाजूंच्या भिंती तापतात आणि मधे भट्टी होते. कमिटीचं म्हणणं, झाडं सावली देत नाहीत, नुसता कचरा करतात, पावसाळ्यात चिखल होतो. तेव्हा झाडं काढा, पेव्हर ब्लॉक बसवा, गाड्या लावा. माझं म्हणणं, एकदा ब्लॉक बसले की आज भट्टी आहे तिचा तवा होईल आणि तो रात्री उशिरापर्यंत निवणार नाही. रविवारी सर्वसाधारण सभेत मतदान होतं. ठेकेदाराने ब्लॉकचे नमुने आधीच फाटकाशी आणून रचले होते. निकाल त्याला आमच्याआधी कळलेला दिसत होता.

यात खरी अडचण शैलाची. आईबाप पहाटे मुंबईला निघतात आणि मुलं तिच्याकडे राहतात. तिचं घर थेट स्लॅबखाली, दुपारनंतर पंखा गरम हवाच फिरवतो. म्हणून ती मुलांना खाली आणते, जिन्यापाशी बसवते आणि ऊन कललं की चौकात सोडते. चौकात ब्लॉक आणि गाड्या आल्या तर मुलांना न्यायला जागाच उरत नाही. दोघी आयांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, तसं झालं तर आम्ही पोरांना वांगणीला घालू, तिथे एसी आहे. दोन गेली की बाकीची जायला वेळ लागत नाही, हे शैलाला माहीत होतं.

सभेत मी झाडांबद्दल बोलायला उठले की लोक घड्याळ बघतात. त्यामुळे या खेपेला भाषण न करता मी भाऊंशी पैज लावली. भर दुपारी या खुर्चीत बसून, घाम न पुसता, कपभर चहा पिता येईल असं राहत्या घराचं अंगण मी कर्जत नाहीतर खालापूर तालुक्यात दाखवायचं. नाही दाखवलं तर ब्लॉकच्या ठरावावर पहिली सही माझी.

"आनि दाखवलं तर?" भाऊंनी विचारलं.

"तर सभेत तुम्ही बोलायचं. मी तोंड उघडणार नाही."

ही दुसरी अट त्यांना फारच पसंत पडली. खुर्ची सोबत घ्यायचा हट्टही त्यांचाच. कुणाच्या पडवीत झोपाळा नाहीतर गादी मिळाली तर फसवणूक होईल, म्हणाले. शैलाची परीक्षा तिची तिने ठरवली: अंगणात चप्पल काढून चालायचं, कारण तिची पोरं अनवाणीच पळतात.

कडाव

कडाव हे भाऊंचं मूळ गाव. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणतात, अजून भात करतात. नेरळ मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची रिकामी खाचरं लागली आणि बांधांवर ऐन-किंजळीची झाडं. झाडं कसली, खांबच. फांद्या पार बुडख्यापर्यंत उतरवलेल्या आणि त्यातून नव्या पालवीचे मुठीएवढे झुबके बाहेर आलेले.

माझं माहेर फलटणकडचं. आमच्याकडे बांधावरच्या कडुलिंबाचा, बाभळीचा शेळीपुरता पाला काढतात. असं अख्खं झाड भादरलेलं मी लग्न होऊन इकडे आल्यावर पहिल्यांदा पाहिलं. हे राबासाठी करतात. ज्या वाफ्यात भाताचं रोप करायचं, त्यावर शेण, डहाळ्या, गवत आणि माती यांचे थर देऊन ते भाजायचं, म्हणजे जमीन भुसभुशीत होते आणि तणाचं बी जळतं. डहाळ्या माघात तोडल्या की राब भाजायच्या वेळेपर्यंत खडखडीत वाळतात. कडावच्या अलीकडे एका वाफ्यात राब धुमसत होता. भाऊंनी गाडी हळू करून काच खाली घेतली आणि छाती भरून वास घेतला. शैला खोकायला लागली तेव्हा काच वर गेली.

दादांच्या दारी मांडव होता. धाकट्या मुलाचं लग्न चार दिवसांवर आलेलं. गावात हल्ली बहुतेक जण निळी ताडपत्री बांधतात, पण दादांनी हट्टाने जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घातला होता. बाहेर डोळे उघडवत नव्हते. मांडवात शिरलं की हिरवट काळोख, खाली नुकतंच सारवलेलं अंगण आणि डहाळ्यांचा कच्चा, तुरट वास.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, कैरीची कोशिंबीर. भात निघाल्यावर त्याच ओलीवर हा वाल होतो, त्याला वेगळं पाणी लागत नाही. वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलायचा, एवढी खटपट आमच्याकडे कुणी करणार नाही. मी तीनदा वाढून घेतलं आणि माझ्या दशम्या डब्यातच राहिल्या.

जेवणानंतर खुर्ची मांडवात ठेवली. भाऊ बसले, चहा आला, त्यांनी तो प्यायला, कप खाली ठेवला आणि मान मागे टाकून झोपले. घोरणं आतल्या खोलीपर्यंत ऐकू जात होतं. दादांच्या बायकोने येऊन पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"काय गं शैला, सभेत पन असाच बसतो का तुमचा अध्यक्ष?"

तोवर शैला अनवाणी फिरत होती. मांडवाखालचं सारवण पायाला गार होतं. सावली संपत होती तिथे तिने एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून पाहिला आणि बाहेरचा लगेच उचलला. "ताई," ती मला म्हणाली, "एका पावलाचा फरक आहे हो."

भाऊ जागे झाले ते हरकत घेऊनच. हे धरायचं नाही. हा मांडव आहे, झाड नव्हे. मांडव लग्नापुरता. दादा म्हणाले, लग्नापुरता का असेना, घोरत होतास तू. भाऊ म्हणाले, घोरायचं पैजेत नव्हतं. मी कडावपुढे "वादग्रस्त" असं लिहिलं आणि विषय तात्पुरता मिटवला. रात्री तिथेच राहिलो.

शनिवार. कोंडाणे

कोंडाण्याला लोक लेणी बघायला जातात. आम्ही लेण्यांच्या पायथ्याच्या वाडीत चांगुणाकडे गेलो. चांगुणा शेलूच्या बाजारात रानभाजी आणि करवंदं घेऊन येते. आपल्या दारी दुधीचा असा मांडव आहे की खाली ऊन पडत नाही, असं तिने शैलाला सांगितलं होतं. माझी सगळी भिस्त त्यावर. कडावहून लवकर निघायचं ठरलं होतं, पण भाऊंना गावातल्या प्रत्येकाशी बोलायचं होतं, त्यामुळे पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं.

दारात चार मेढी उभ्या होत्या, त्यांवर काटक्या आणि काटक्यांवर वाळून दोरी झालेला वेल.

"दुधी पावसात व्हता," चांगुणा म्हणाली. "तुमी आत्ता आल्यात."

तिचं घर नवं, घरकुलाचं. वर स्लॅब, पुढे सिमेंटचा ओटा. चूल तिने बाहेर, पाठीमागे मांडली होती, कारण आत उभं राहवत नाही. दुपारची ती घरातही नसते. वाटेवरच्या आंब्याखाली सगळ्या बाया बसतात, तिथे जाते. आंबा खासा होता, पण भाऊंनी तो नामंजूर केला. आंबा वाटेवर आहे, पैज अंगणाची. त्यांनी खुर्ची सिमेंटच्या ओट्यासमोर मांडली, बसले आणि चहा यायच्या आत रुमाल काढला. "लिहा, सेक्रेटरीबाई. नापास." स्वतःच्या घामाचा एवढा आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

मी चांगुणाला म्हटलं, उन्हाळ्यातही वेल ठेवला असतास तर बरं झालं असतं. म्हणायला नको होतं.

"हिरवं पायजे, हिरवं पायजे. पानी कोन आनंल? झऱ्यावरनं हांडा मी आनते. तो मी पिऊ का दुधीला पाजू?"

भाऊ हसायला लागले तशी ती त्यांच्याकडे वळली. "तुमी काय हसता, शेट? तुमच्याकडं नळ हाय ना? मंग तुमचा दुधी कुठं हाय?"

त्यांचं हसणं थांबलं. पाण्याचा विचार न करता झाडांचं बोलणं म्हणजे नुसतं बोलणं, हे मी मान्य करते. पण त्यावरून मी ब्लॉकला हो म्हणावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी चांगुणाच्या ओट्यावर दुपारी पाय ठेवून बघावा. शैलाने ठेवला होता. ती लगेच चप्पल घालून आंब्याखाली जाऊन बसली. निघताना चांगुणाने लोणच्यासाठी हिरवी करवंदं दिली आणि पावसात या म्हणाली, दुधी नेऊन नेऊन दमाल.

कर्जतला वडापाव खाऊन पुढे निघालो आणि पळसदरीच्या पुढे चाक बसलं. तिथे रस्ता रुंद केलेला आहे. रस्ता उत्तम, आणि नजर पोचेल तिथवर उभं राहायला एक झाड नाही. भाऊ जॅक लावत असताना शैला आणि मी गाडीच्या अरुंद सावलीत, बसच्या रांगेत उभं राहावं तशा एकामागे एक उभ्या. भाऊंनी मोठ्या मनाने खुर्ची काढून दिली. मी बसले आणि तशीच उठले. प्लास्टिक चटका देतं, हे त्या खुर्चीबद्दलचं माझं एकमेव प्रत्यक्ष ज्ञान.

खालापूर

खोपोलीच्या अलीकडे माझी मावसबहीण विजू राहते. एका कारखान्याने कामगारांसाठी बांधलेली बैठ्या घरांची वसाहत. कारखाना कधीच बंद पडला, घरं राहणाऱ्यांनी विकत घेतली. घरं आमच्या फ्लॅटहून लहान, बांधकाम साधं. पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते, म्हणजे दिवसातली सगळ्यात वाईट वेळ.

वळणावरच भाऊंनी काच खाली केली. इथे राब नव्हता, सावली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी करंज, फांद्या वर एकमेकींत गेलेल्या. प्रत्येक घरापुढे मातीचं अंगण. पश्चिमेच्या भिंतींवर तारा ताणून मधुमालती चढवलेली, त्यामुळे भिंत उन्हाला दिसतच नाही. विजूच्या भिंतीला मी हात लावून पाहिला. कोमट होती. आमच्या बी विंगच्या पश्चिमेच्या भिंतीला या वेळी हात टेकवता येत नाही.

खुर्ची करंजाखाली मांडली. विजूने चहा आणला. भाऊ प्यायले. मी रुमालाकडे लक्ष ठेवून होते, तो खिशातच राहिला. दुसरा कप आला, तोही संपला. शैलाने चप्पल दारात काढली ती काढलीच, आणि रांगेच्या शेवटच्या घरापर्यंत जाऊन आली. वाटेत दोन बायका अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. तिला म्हणे त्यांनी बोलावून बसवून घेतलं.

"हारलात," मी म्हटलं.

"ही झाडं येगळी हायत," भाऊ म्हणाले.

मी म्हटलं करंज आहेत, आपल्याकडे आहेत तेच. त्यांना पटलं नाही. उठून गेले, पान चुरगळून हुंगलं, खाली पडलेली शेंग नखाने फोडून पाहिली. बैलाच्या जखमेला करंजाचं तेल लावत मोठा झालेला माणूस. त्याला करंज सांगावा लागत नाही. शेंग हातात घेऊन ते परत आले.

"करंजच हाय. मंग आमचं असं का नाय?"

विजूच्या नवऱ्याला मी दाजी म्हणते. कारखान्यात फिटर होते, आता वसाहतीची झाडं आणि पंप दोन्ही तेच बघतात. त्यांनी साधा प्रश्न विचारला, तुमच्याकडे छाटणी कधी करता?

"माघात," भाऊ म्हणाले.

"माघात का?"

"का म्हंजे? माघातच छाटतात."

"आम्ही पावसाच्या तोंडावर. तेही वाळलेलं आणि वायरीला लागणारं तेवढंच. माघात छाटली तर उन्हाळ्याला काय राहील?"

दोन दिवस फारसं न बोललेली शैला तेव्हा अंगणाच्या कडेला बसून तळपाय पुसत होती. वर न बघताच तिने विचारलं.

"भाऊ, सोसायटीत आपण भात कुठल्या वाफ्यात लावतो?"

विजूला काही कळलं नाही. दाजींना थोडं कळलं असावं. भाऊंनी शेंग खुर्चीच्या हातावर ठेवली.

खरं तर आमच्यापैकी कुणालाही हे कळायला हवं होतं. दर माघात भाऊ माणूस बोलावतात, स्वतः खाली उभे राहतात आणि बांधावरचं झाड उतरवतात तशी चौकातला एकेक करंज उतरवून घेतात. डहाळ्या आठवडाभर फाटकाशी वाळत पडतात. त्यांचा राब होत नाही, घंटागाडी घेत नाही, शेवटी पैसे देऊन उचलाव्या लागतात. कमिटीतले निम्मे लोक भात करणाऱ्या घरांतले. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. मी दर वर्षी किती छाटता यावरून भांडले. केव्हा, हे मला सुचलं नाही. आणि मग चैत्रात आम्ही त्या खांबांखाली उभं राहून म्हणायचो, बघा, झाडं सावली देत नाहीत.

"माज्या बानं शिकवलं तसं केलं," भाऊ शेवटी म्हणाले. "माघ लागला की हात शिवशिवतो. रोप नाय, राब नाय, तरी शिवशिवतो."

लगेच दुसऱ्या वाक्याला ते अध्यक्ष झाले. वायरींचं काय? गाड्यांवर फांदी पडली तर भरून कोण देणार? दाजींनी त्यांना रस्त्याने नेऊन कुठली फांदी ठेवली, कुठली काढली ते दाखवलं. परत आले तेव्हा भाऊंनी तिसरा चहा मागितला. पैजेचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. खुर्ची मात्र गाडीत त्यांनीच ठेवली.

रविवार आणि त्यानंतर. शेलू

सभेत भाऊ बोलले. मी ठरल्याप्रमाणे तोंड उघडलं नाही. हा या प्रवासातला सगळ्यात कठीण भाग. त्यांनी माझे मुद्दे उलटसुलट केले, मधुमालतीला जाई म्हणाले, पण माघाचं सगळं सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन सांगितलं. शेवटी म्हणाले, "येत्या माघात झाडांना हात लावू नका. पुढच्या वर्शी सावली नाय पडली तर ब्लॉक मी सोता बसवतो."

मग सी विंगमधून तो प्रश्न आला, जो हिरवळीच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येतो: पाचोळा कोण झाडणार? त्याच्यामागून डास आले, साप आला, घसरून पडणं आलं. एका गृहस्थांनी झाडांमुळे मोबाइलला रेंज मिळत नाही असंही सांगितलं. हात दोनदा मोजावे लागले. झाडं राहिली, माती राहिली. ब्लॉक फक्त फाटकाशी दुचाकींच्या पट्ट्यात. सी विंगने मात्र एक अट घालून घेतली: चौक रोज झाडलेला दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुढच्या सभेत ब्लॉकचा ठराव पुन्हा येणार.

शैलाच्या त्या दोघी आया पावसाळ्यापर्यंत थांबतो म्हणाल्या आहेत. तोवर करंजांना काही पुरेसा पाला फुटणार नाही, म्हणून लग्न उरकल्यावर दादांनी मांडवाच्या मेढी आणि बांबू टेंपोने पाठवून दिले. आमच्या चौकात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव उभा आहे. डहाळ्या वाळतात, बदलतो. मेढींच्या बुडाशी गोणीत दुधी आणि घोसाळी लावली आहेत. चांगुणाच्या प्रश्नाचं उत्तर घरातच सापडलं: पाण्याच्या फिल्टरमधून दिवसभर मोरीत वाहून जाणारं पाणी. प्रत्येक जिन्याखाली त्याची बादली ठेवली आहे. ए आणि बी विंगच्या भरतात. चारच्या सुमाराला मुलं मांडवात येतात, आणि भाऊ देखरेखीच्या नावाखाली तिथे खुर्ची टाकून बसतात.

हे वाचून कुणाला आपल्या सोसायटीत काही करायचं असेल, तर शोभेची कुंडी आणू नका. आधी पश्चिमेची भिंत झाका, मोरीत जाणारं पाणी धरा आणि छाटणीचा महिना विचारा. आणि लोक हसले तर हसू द्या. ते उन्हात उभं राहून हसतात, तुम्ही सावलीत उभं राहा.

झाडण्याच्या पाळ्या मी नोटिसबोर्डावर लावल्या आहेत. सोमवार माझा, मंगळवार शैलाचा. बुधवार भाऊंचा, पहिल्या बुधवारी त्यांच्या सौभाग्यवती खास फोटो काढायला खाली आल्या. शुक्रवार, शनिवार, रविवार ए आणि बी विंगमधल्यांनी घेतले. गुरुवार कोरा आहे. गुरुवारीही मी झाडावं असं शैला सुचवते, भाऊही म्हणतात, सोडा वहिनी, आपण उरकून टाकू. मी झाडणार नाही. अट सी विंगने घातली, त्यांचीही मुलं त्या मांडवात खेळतात, तेव्हा गुरुवारचं नाव सी विंगचंच येईल. दोनदा जाऊन आले. एका दारी बाई झोपल्या होत्या, एका दारी टीव्ही चालू होता आणि कुणी घरात नव्हतं. आज बुधवार. संध्याकाळी पुन्हा जायचं आहे, या वेळी वरच्या मजल्यापासून खाली.